लाकूडकामाच्या लेथचा आवाज : आधी निदान, मग दुरुस्ती

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांचा यंत्रांशी संबंध जुना आहे. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी तत्कालीन औंध संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर कारखाना उभारला. ती किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात मोडते. सातारा रोड येथे धनजीशा कूपर यांच्या कारखान्यातून लोखंडी नांगर आणि पुढे डिझेल इंजिने बाहेर पडली. या मोठ्या कारखान्यांत लोखंड कातणाऱ्या लेथची देखभाल कुशल फिटरच्या हाती असते. गावच्या सुताराकडील किंवा शाळेच्या उद्योगवर्गातील लाकूडकामाच्या लहान लेथला मात्र असा वाली क्वचितच लाभतो. तो बिघडला की लाटणी, रवी, पलंगाचे पाय, पाळण्याचे दांडे, देव्हाऱ्याचे खांब ही सारी कामे थांबतात.

यंत्र बंद पडण्यापूर्वी बहुधा आवाजाने सूचना देते. ही सूचना दुर्लक्षित राहिली तर दहा मिनिटांचे काम मोठ्या दुरुस्तीवर जाते. उलट, कारण न शोधता सुटे भाग बदलले तर पैसे खर्च होऊनही आवाज कायम राहतो. म्हणून या विषयातील पहिला नियम असा की, आवाज कोठून येतो हे ठरल्याशिवाय कोणताही भाग बदलू नये.

सुरक्षितता प्रथम

कातकाम चालू असताना एकाएकी नवा आवाज आल्यास कारागिराने हत्यार मागे घ्यावे, फिरत्या लाकडाच्या रेषेतून बाजूला व्हावे आणि यंत्र बंद करावे. तडकलेले लाकूड सुटून तोंडावर येण्याचा धोका याच वेळी सर्वाधिक असतो. तपासणी करताना धोतराचा सोगा, उपरणे, सैल बाही आवरलेली असावी आणि डोळ्यांवर चष्मा असावा. यंत्राला हात घालण्यापूर्वी केवळ बटण बंद करून भागत नाही. प्लग काढून ठेवावा. मोटारीच्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, त्यामुळे तो उघडण्याचे काम जाणत्या वीजतंत्र्याकडेच सोपवावे.

चार कसोट्या

लेथचे घटक मोजके आहेत : मोटार, पट्टा व पुल्या, हेडस्टॉकमधील स्पिंडल व त्याच्या बेअरिंगा, टेलस्टॉक, टूल रेस्ट, बेड आणि पाया. एकेक घटक वेगळा काढत गेल्यास दोष सापडतो. त्यासाठी पुढील चार कसोट्या क्रमाने घ्याव्यात.

पहिली कसोटी : लाकूड काढून यंत्र रिकामे चालवावे. आवाज थांबला तर यंत्र निर्दोष आहे. दोष लाकडात, त्याच्या बसवणुकीत किंवा कापण्याच्या रीतीत आहे.

दुसरी कसोटी : रिकामे यंत्र पूर्ण वेगात असताना वीज बंद करावी आणि ऐकावे. वीज तुटताच, स्पिंडल अजून फिरत असतानाच आवाज नाहीसा झाला तर कारण मोटारीच्या विद्युत भागात शोधावे. वेगाबरोबर आवाज हळूहळू मंदावत गेला तर कारण यांत्रिक आहे.

तिसरी कसोटी : पट्टा उतरवून केवळ मोटार चालवावी. आवाज राहिला तर तो मोटारीचा; गेला तर तो पट्टा, पुल्या किंवा स्पिंडलचा.

चौथी कसोटी : पट्टा उतरलेला असताना प्लग काढून स्पिंडल हाताने सावकाश फिरवावा. वाळूचे कण दळल्यासारखे जाणवल्यास बेअरिंग खराब आहे. स्पिंडल धरून मागेपुढे व वरखाली हलवून पाहावा. खडखड जाणवल्यास बेअरिंगमध्ये खेळ आला आहे किंवा ती नीट आवळलेली नाही.

आवाजाची लय

मिरजेचा तंबोरा बनविणारा कारागीर सुराची पारख कानाने करतो. लेथच्या बाबतीत कानाला थोड्या गणिताची जोड दिली की पुरते. समजा, मोटार मिनिटास १४४० फेरे घेते, म्हणजे सेकंदास २४. मोटारीची पुली ७५ मिलिमीटरची आणि स्पिंडलची १५० मिलिमीटरची असेल तर स्पिंडल निम्म्या वेगाने, सेकंदास १२ फेरे फिरेल. मोटारीच्या पुलीचा घेर सुमारे २३६ मिलिमीटर भरतो. त्यावरून चालणारा पट्टा १५०० मिलिमीटर लांबीचा असल्यास तो सेकंदास साधारण चारच वेळा पूर्ण फिरतो. सेकंदाला चार ठोके कान सहज मोजू शकतो. असा संथ, नियमित ‘टप टप’ आवाज आला की संशय पट्ट्यावर घ्यावा. त्याहून जलद घरघर ही स्पिंडलची किंवा मोटारीची असते. या दोहोंतील फरक ओळखण्यासाठी पट्टा पुलीच्या दुसऱ्या पायरीवर घालून स्पिंडलचा वेग कमी करावा. घरघरही मंदावली तर ती स्पिंडलची, न बदलली तर मोटारीची.

दोष आणि उपाय

पट्टा व पुल्या : यंत्र सुरू होताना किंचाळल्यासारखा आवाज येणे हे बहुधा सैल पट्ट्याचे लक्षण होय. पट्टा बेताने ताणावा. फाजील ताणाने बेअरिंगवर भार येतो. पट्ट्याला तेल किंवा ग्रीस लावणे ही मोठी चूक आहे. त्याने रबर फुगते आणि पट्टा अधिक घसरतो. सुट्टीत यंत्र महिनोन्‌महिने बंद राहिले की पट्ट्याला पुलीजवळ बाक येतो आणि सुरुवातीस तो आपटतो. पंधरा-वीस मिनिटांत तो सरळ झाला नाही, किंवा त्यावर भेगा दिसल्या, तर बदलावा. सुरू होताना व थांबताना एकेक ठोका ऐकू आल्यास पुलीचा आवळस्क्रू ढिला झाला आहे किंवा चावी झिजली आहे. दोन्ही पुल्यांच्या कडांवर सरळ पट्टी टेकवून त्या एका रेषेत आहेत की नाहीत हेही पाहावे.

बेअरिंग : सतत घरघर आणि हेडस्टॉकला हात लावल्यास चटका बसणे ही झिजलेल्या बेअरिंगची खूण आहे. बेअरिंगवर क्रमांक कोरलेला असतो. उदाहरणार्थ, ६२०५ मधील शेवटच्या दोन आकड्यांना, म्हणजे ०५ ला, पाचने गुणिले की आतील छिद्राचा व्यास २५ मिलिमीटर मिळतो. हा क्रमांक खरेदीच्या मागणीपत्रात जसाच्या तसा लिहावा. लाकडाच्या भुशात दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेली बेअरिंग अधिक टिकते. बेअरिंग स्पिंडलवर चढवताना दाब केवळ आतील कड्यावर द्यावा. बाहेरच्या कड्यावर हातोडी मारल्यास घाव गोळ्यांमधून जातो आणि नवी बेअरिंगही पहिल्या दिवसापासून आवाज करू लागते. जुन्या लेथमध्ये बेअरिंगऐवजी बुश असतात; त्यांच्या तेलकुप्या रोज भरल्या पाहिजेत.

मोटार : मोटार गुंजते पण फिरत नाही, अशा वेळी ती ताबडतोब बंद करावी, अन्यथा गुंडाळी जळते. एकफेज मोटारीत कपॅसिटर किंवा सुरुवातीचा स्विच निकामी झाला असण्याचा संभव असतो. वीजदाब कमी असतानाही मोटार गुंजते आणि तापते; म्हणून दाब मोजून घ्यावा. खरवडल्यासारखा आवाज पुष्कळदा पंख्याच्या झाकणात अडकलेल्या भुशाचा असतो. मोटारीचे पायबोल्टही तपासावेत.

लाकूड व टेलस्टॉक : लाकूड मध्यभागी धरलेले नसेल तर यंत्र धडधडते. ओबडधोबड ठोकळा आधी कमी वेगात गोल करून घ्यावा. न फिरणारे सेंटर कोरडे पडल्यास किंचाळते आणि लाकूड जाळते; तेथे ग्रीस किंवा मेण लावावे. लाटण्यासारखा लांब, बारीक नग मधोमध थरथरत असेल आणि त्यावर नागमोडी रेघा उमटत असतील तर हत्यार धारदार करावे, टेलस्टॉकचा दाब थोडा कमी करावा, टूल रेस्ट जवळ घ्यावी आणि नगाला मध्ये आधार द्यावा.

पाया : यंत्र ढोलासारखे घुमत असल्यास चारही पाय जमिनीला टेकले आहेत की नाहीत ते पाहावे. या बाबतीत हवामानाचाही विचार हवा. पाटण, जावळी, महाबळेश्वर या भागांत अतिपावसामुळे उघडे लोखंड गंजते. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या तालुक्यांत उन्हाळ्यात लाकडी घोडा आक्रसतो आणि त्याचे बोल्ट ढिले पडतात. घाटमाथ्याकडील ओले लाकूड पूर्वेकडे नेऊन लगेच कातल्यास ते वाळताना तडकते, हेही ध्यानात ठेवावे.

संस्थांचे कर्तव्य

केंद्र शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतारकामाचा समावेश आहे. प्रशिक्षण, अवजारे व कर्ज यांची तरतूद तीत आहे. परंतु साधन हाती आले म्हणजे काम संपत नाही. ते चालू राहिले तरच कारागिराचे उत्पन्न वाढते. शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या केंद्रात लेथ असल्यास त्यालगत एक वही ठेवावी. तीत पट्ट्याचे माप, बेअरिंगचे क्रमांक, तेल घातल्याची तारीख आणि आवाजात झालेला बदल यांची नोंद असावी. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्याने यंत्र यादीत आहे एवढे पाहून न थांबता ते सुरू करून ऐकावे. शिक्षकांनी वरील चार कसोट्या विद्यार्थ्यांकडून स्वतःच्या देखरेखीखाली करून घ्याव्यात. अशा सवयीतून यंत्राचे आयुष्य वाढेल आणि कारण शोधून उपाय करण्याची दृष्टीही मुलांना लाभेल. ही दृष्टी विहिरीवरच्या पंपाला आणि पिठाच्या गिरणीलाही तितकीच उपयोगी पडणारी आहे.