जुन्या सार्वजनिक वसाहती : व्यवस्थापन, मालकी आणि पुनर्विकास

देशातील गृहनिर्माणाची चर्चा बहुधा नव्या घरांच्या संख्येभोवती फिरते. शासनाने पूर्वी बांधलेल्या घरांची आजची अवस्था काय, याचा विचार त्या मानाने कमी होतो. महानगरांतील अनेक सार्वजनिक वसाहतींचे आयुर्मान संपत आले आहे. त्या दुरुस्त कराव्यात, रहिवाशांच्या मालकीच्या कराव्यात की पाडून नव्याने उभाराव्यात, हा प्रश्न प्रशासन, अर्थकारण आणि सामाजिक न्याय या तिन्हींशी निगडित आहे.

पार्श्वभूमी

मुंबईत १८९६ साली प्लेगची साथ आली. दाट, अस्वच्छ वस्त्यांवर उपाय म्हणून १८९८ मध्ये मुंबई सुधार न्यास स्थापन झाला. त्यानंतर १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत मुंबई विकास विभाग, म्हणजेच ‘बीडीडी’, अस्तित्वात आला. कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधण्याचे त्याचे लक्ष्य होते. प्रत्यक्षात सुमारे १६ हजार खोल्या उभ्या राहिल्या. वरळी येथे १२१, नायगाव येथे ४२, ना. म. जोशी मार्ग येथे ३२ आणि शिवडी येथे १२ अशा एकूण २०७ चाळी बांधण्यात आल्या. तळमजला व तीन मजले, प्रत्येक चाळीत ८० खोल्या, प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची आणि शौचालये सामायिक, असे त्यांचे स्वरूप होते.

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये केंद्र शासनाने अनुदानित औद्योगिक गृहनिर्माण योजना सुरू केली. ‘जमीन’ हा विषय राज्यसूचीत असल्याने अंमलबजावणीचा मुख्य भार राज्यांच्या गृहनिर्माण मंडळांवर आला. महाराष्ट्रात १९७६ च्या अधिनियमान्वये १९७७ मध्ये ‘म्हाडा’ची स्थापना झाली. तामिळनाडूत १९७० मध्ये स्थापन झालेल्या झोपडपट्टी निर्मूलन मंडळाचे २०२१ मध्ये नागरी अधिवास विकास मंडळ असे नामांतर झाले.

दुरवस्थेची कारणे

पहिले कारण आर्थिक आहे. सार्वजनिक घरांचे भाडे अल्प ठेवणे हा कल्याणकारी धोरणाचा भाग होता. परंतु महागाईनुसार दुरुस्तीचा खर्च वाढत गेला आणि भाडे जवळपास स्थिर राहिले. ही तूट अंदाजपत्रकातून भरून न निघाल्यास दुरुस्ती पुढे ढकलली जाते.

दुसरे कारण तांत्रिक आहे. गळतीचे पाणी सळईपर्यंत पोचले की ती गंजते, फुगते आणि सभोवतालचे काँक्रीट फोडते. वेळीच गळती थांबविणे स्वस्त असते. विलंब झाल्यास संपूर्ण इमारतच धोकादायक ठरते. चेन्नईतील तिरुवोत्रियूर येथे २७ डिसेंबर २०२१ रोजी अशाच एका वसाहतीतील २४ घरांची इमारत कोसळली. तडे दिसताच रहिवासी बाहेर पडल्याने जीवितहानी टळली.

तिसरे कारण संस्थात्मक आहे. भाडेकरूला मालकी नसल्याने मोठ्या दुरुस्तीत स्वतःचा पैसा घालण्याचे प्रोत्साहन नसते आणि मालक असलेल्या यंत्रणेचे उत्तरदायित्व अनेक विभागांत विखुरलेले असते.

मालकी हस्तांतरणाचा मार्ग

ब्रिटनमध्ये १९८० च्या गृहनिर्माण कायद्याने स्थानिक संस्थांच्या भाडेकरूंना राहते घर सवलतीच्या दराने विकत घेण्याचा हक्क दिला. लाखो कुटुंबे घरमालक झाली. मात्र विकलेल्या घरांच्या प्रमाणात नवी भाड्याची घरे बांधली गेली नाहीत आणि गरिबांसाठीचा साठा आटला. पुढे स्कॉटलंडने २०१६ मध्ये व वेल्सने २०१९ मध्ये ही योजना बंद केली.

महाराष्ट्रात गृहनिर्माण मंडळाच्या अनेक जुन्या वसाहतींतील गाळे रहिवाशांच्या मालकीचे झाले, त्यांच्या सहकारी संस्था स्थापन झाल्या आणि जमीन भाडेपट्ट्याने देण्यात आली. येथे एक बाब लक्षात घेतली पाहिजे. मालकीबरोबर देखभालीचा भारही हस्तांतरित होतो. इमारत आधीच जीर्ण असेल आणि संस्थेकडे राखीव निधी नसेल, तर मालकी हा कागदोपत्री लाभ ठरतो.

पुनर्विकासाचा मार्ग

वाढीव चटईक्षेत्र निर्देशांक देऊन त्याच भूखंडावर अधिक बांधकाम करावयाचे, मूळ रहिवाशांना विनामूल्य घरे द्यावयाची आणि उरलेल्या जागेच्या विक्रीतून खर्च भागवावयाचा, हे या पद्धतीचे सूत्र आहे. बीडीडी चाळींसाठी २०१६ मध्ये म्हाडाची नियुक्ती झाली. पात्र रहिवाशाला ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर देण्याचे ठरले. वरळीतील पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये देण्यात आल्या. शिवडीच्या चाळी बंदर प्राधिकरणाच्या जमिनीवर असल्याने त्यांचा प्रश्न वेगळा राहिला. जमीन व इमारत यांची मालकी भिन्न असल्यास निर्णय किती लांबतो, याचे हे उदाहरण होय.

दिल्लीत सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर आदी सात शासकीय वसाहतींच्या पुनर्विकासास केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०१६ मध्ये मान्यता दिली. १२,९७० घरांच्या जागी सुमारे २५,६६७ घरे आणि व्यापारी जागेच्या विक्रीतून निधी, अशी ही योजना होती. हजारो झाडे तोडावी लागणार असल्याने २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने वृक्षतोडीस स्थगिती दिली. घनता वाढविताना हिरवाई, पाणी, मलनिःसारण व वाहतूक यांची किंमत हिशेबात धरावी लागते, हा त्यातील बोध आहे.

मूल्यमापनाच्या कसोट्या

राष्ट्रीय नागरी गृहनिर्माण व निवारा धोरण, २००७ मध्ये सार्वजनिक-खाजगी भागीदारीवर भर होता. तथापि खाजगी भांडवलाचा सहभाग आणि सार्वजनिक जमिनीचे खाजगीकरण यांतील सीमारेषा स्पष्ट हवी. रहिवाशांची संमती व पात्रता पारदर्शक पद्धतीने ठरते का? संक्रमण शिबिरातील वास्तव्याची मुदत बंधनकारक आहे का? उंच इमारतींतील उद्वाहक, पाणी उपसा व अग्निशमन यांचा मासिक खर्च अल्प उत्पन्नाच्या कुटुंबाला झेपेल का? विक्रीतून मिळालेल्या लाभातून नवी परवडणारी घरे उभी राहतात का? या चार प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तरच पुनर्विकास लोकाभिमुख म्हणता येईल. अन्यथा चाळीत तीन पिढ्या काढलेले कुटुंब नव्या घराचा देखभाल खर्च न पेलल्याने ते विकून शहराबाहेर जाईल आणि सार्वजनिक जमिनीवरील सामान्यांचा वाटा कायमचा संपेल.