पोराचा पुढचा दात

दसरा-दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यातली पुष्कळ माणसे ऊसतोडीला निघतात. मुकादमाची गाडी दारात उभी राहते. त्या घाईत पोराच्या तोंडात कोण बघणार? आम्ही म्हणतो, निघण्याआधी एकदा बघाच.

दुधाचे दात २० असतात. सहाव्या वर्षापासून ते पडू लागतात. वरचे पुढचे दोन मोठे दात सातव्या-आठव्या वर्षी येतात. एक आला, पण सहा महिने झाले तरी जोडीचा आला नाही, तर तो अडला असे समजावे. ‘येईल की उशिरा,’ म्हणून बसू नये.

दात अडतो कशाने? कधी हाडात एखादा जादा दात असतो. तो वाट अडवतो. कधी दुधाचा दात पडतच नाही. कधी लहानपणी पोर तोंडावर आपटते. दुधाचा दात आत घुसतो. तिथेच नव्या दाताचा कोंब असतो. त्याला मार बसतो. मग नवा दात वाकडा वाढतो, नाहीतर त्यावर डाग आणि खळगे पडतात. यात दैवाचा कोप नाही.

यावर इलाज आहे. डॉक्टर आधी एक्स-रे काढतात. जादा दात भूल देऊन काढतात. वाट मोकळी झाली की पुष्कळदा दात आपोआप उतरतो. नाही उतरला, तर हिरडी थोडी उघडून दातावर बारीक कडी चिकटवतात. तारेने दात हळूहळू खाली ओढतात. विहिरीतली भरली बादली आपण हिसका न देता ओढतो ना, तसेच. याला कित्येक महिने लागतात. खळगे दाताच्या रंगाच्या मसाल्याने भरतात. घरी मात्र हिरडी टोचू नका.

तार लावली की दर महिन्याला दाखवावे लागते. तोडीवर ते कसे जमणार? म्हणून पोराला आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात ठेवता येईल का, हे घरात बसून ठरवा.

जावे कुठे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचे पथक शाळेत येते आणि दातही बघते. त्यांना विचारा. नाहीतर बीडच्या जिल्हा रुग्णालयात दाखवा. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथे तारेचे काम होते.

पोरे त्याला ‘बोळक्या’ म्हणून चिडवतात. तो हसताना तोंडावर हात धरतो. तो हात खाली आणणे आपल्या हाती आहे.

सांगा पाहू :
१. वरचे पुढचे दात कितव्या वर्षी येतात?
२. तुमच्या घरात कोणाचा दात अडला आहे का?