मन जागं, शरीर झोपलेलं

प्रश्न : मी योगवर्गात नियमित शवासन आणि योगनिद्रा करते. कधीकधी हातपाय आहेत की नाहीत हेच कळेनासं होतं, अंग तरंगल्यासारखं वाटतं. रॉबर्ट मन्रो यांचं पुस्तक वाचल्यापासून शरीराबाहेर जाण्याचा अनुभव एकदा तरी घ्यावा, असं फार वाटतं. पण एक तर मला डोळा लागतो, नाहीतर तरंगायला लागताच मी दचकून जागी होते. इतकं सैल व्हायला शिकायचं कसं? आणि खरंच काही बाहेर जातं का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : डोळा लागणं आणि दचकणं यांच्या मधली अरुंद जागा तुम्हाला हवी आहे, आणि पत्रावरून दिसतं की तिथवर तुम्ही पोहोचता. तिथे टिकून राहणं तेवढं जमत नाही. मन्रो हे अमेरिकेतले, रेडिओच्या व्यवसायातले गृहस्थ. १९५८ मध्ये त्यांना असे अनुभव आपसूक येऊ लागले, १९७१ मध्ये त्यांनी पुस्तक लिहिलं आणि पुढे व्हर्जिनियात संस्था काढली. तिथे शिकवल्या जाणाऱ्या सुरुवातीच्या अवस्थेचं वर्णन एवढंच आहे : मन जागं, शरीर झोपलेलं. त्यांचे पुढचे दावे मला पटत नाहीत, पण ही पायरी त्यांनी अचूक ओळखली.

सैल होण्याचा सगळ्यात कसून अभ्यास केला तो शिकागोच्या एडमंड जेकबसन या डॉक्टरांनी. १९०८ मध्ये हार्वर्डला असतानाच त्यांनी या कामाला हात घातला. ‘प्रोग्रेसिव्ह रिलॅक्सेशन’ हा त्यांचा ग्रंथ १९२९ चा. अचानक मोठा आवाज झाला की माणूस दचकतो, पण ज्याचे स्नायू खरोखर सैल असतात तो फारसा दचकत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. तुमच्या दचकण्याचं मूळ मला इथेच दिसतं. आपण पूर्ण सैल आहोत असं वाटत असताना कुठेतरी ताण उरलेला असतो, बहुधा कपाळ, जबडा, जीभ आणि डोळे यांत. जेकबसन यांनी स्नायूंमधले अतिसूक्ष्म विद्युत्प्रवाह मोजले. मनात एखादं दृश्य आणलं की डोळ्यांचे स्नायू काम करू लागतात, मनातल्या मनात बोललं की जीभ आणि ओठ, असं त्यांना आढळलं. ‘आता मी बाहेर निघणार’ हे वाक्य मनात म्हणत पडून राहिलात तर जीभ सैल होणारच नाही.

त्यांची रीत साधी आहे, पण चिकाटी मागते. पाठीवर पडून एका हाताचं मनगट अगदी हलकेच मागे वळवा. कोपराखाली, हाताच्या वरच्या बाजूला बारीकशी ओढ जाणवेल. ती नीट ओळखून घ्या. ताण म्हणतात तो हाच. मग वळवणं थांबवा. एवढंच. सैल करण्यासाठी वेगळं काही करायचं नाही. ‘सैल हो, सैल हो’ म्हणून शरीराला दामटलं की त्या दामटण्याचाच ताण होतो, आणि शिकणारे सर्वांत जास्त इथेच अडतात. जेकबसन एका बैठकीत जेमतेम एका भागावर काम करून घेत, त्यामुळे संपूर्ण शरीर शिकायला महिने लागत. पुढे १९७३ मध्ये सोळा स्नायूगटांची आटोपशीर पद्धत निघाली. दिवसभराचा शीण घालवायला ती पुरते. तुमच्या कामासाठी मी जुनीच, संथ रीत सुचवेन. हात, पाय, पोट, छाती, खांदे, मान अशा क्रमाने जा आणि डोळे, जबडा, जीभ यांना शेवटी भरपूर वेळ द्या. जीभ तोंडात नुसती पडून आहे हे जाणवलं, की विचारांची गर्दीही ओसरू लागते.

योगनिद्रा सोडू नका. मुंगेरच्या बिहार योग विद्यालयाचे स्वामी सत्यानंद सरस्वती यांनी तंत्रातल्या न्यासावरून ती बेतली. त्यात लक्ष अवयवाअवयवावरून फिरतं आणि पुढे जडपणा व हलकेपणा आळीपाळीने अनुभवायला सांगतात. तुमचं तरंगणं बहुधा त्या हलकेपणातून येत असावं. काही दिवस फक्त जडपणावर थांबा. जर्मनीत योहानेस शुल्ट्झ यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या पद्धतीतही सुरुवात हातापायांच्या जडपणाने आणि उबेने होते. अंग जड असताना भीती कमी वाटते आणि त्या मधल्या जागेत राहायची सवय लागते.

ही मेहनत वाया जात नाही, मग ‘तो’ अनुभव येवो न येवो. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवून केलेला अभ्यास १९६९ मध्ये ‘अँजिऑलॉजी’ या नियतकालिकात छापून आला. अनेकांचा रक्तदाब उतरला, काहींची औषधं कमी करता आली. शवासनाकडे वर्ग संपतानाची विश्रांती म्हणून पाहणाऱ्यांना मला हे आवर्जून सांगावंसं वाटतं.

डोळा लागू नये म्हणून एक जुनी युक्ती आहे. कोपर अंथरुणावर टेकवून हात सरळ उभा ठेवा. झोप आली की हात पडतो आणि जाग येते. वेळही बदलून पाहा. संध्याकाळी थकलेलं शरीर झोपच मागणार. पाचसहा तास झोप झाल्यावर, पहाटे जाग आली की पडल्यापडल्या सराव करा. त्या वेळच्या झोपेत स्वप्नांचा टप्पा जास्त असतो, आणि त्या टप्प्यात मेंदू हातापायांचे स्नायू जवळजवळ बंद ठेवतो. भान असताना ही अवस्था आली की कानात गुणगुण, अंगभर थरथर, उचलले गेल्याची किंवा गरगर फिरल्याची जाणीव असं बरंच काही होतं. कधी छातीवर ओझं बसतं, खोलीत कोणी उभं आहे असं वाटतं आणि हलता येत नाही. हा निद्रा-पक्षाघात, शंभरातल्या सात-आठ जणांना आयुष्यात कधीतरी येतोच. तो धोक्याचा नसतो. श्वासाकडे लक्ष द्या, एक बोट हलवायचा प्रयत्न करा, तो सुटतो.

आता खरंच काही बाहेर जातं का? माझं उत्तर नाही असं आहे. २००२ मध्ये जिनिव्हात ओलाफ ब्लांक आणि सहकारी अपस्माराच्या एका रुग्ण महिलेची शस्त्रक्रियेआधीची तपासणी करत होते. मेंदूच्या उजव्या बाजूला, कानाच्या वर आणि मागे येणाऱ्या एका भागाला हलका विद्युत्प्रवाह दिला, तेव्हा तिला गादीत रुतल्यासारखं, उंचावरून पडल्यासारखं वाटलं. प्रवाह थोडा वाढवला तेव्हा ती म्हणाली, की मी छताजवळ आहे आणि खाली पलंगावर मला माझे पाय आणि कमरेकडचा भाग दिसतो आहे. त्या भागात डोळे, त्वचा, सांधे आणि कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा यांच्याकडून येणाऱ्या संवेदनांचा मेळ बसतो, आणि ‘मी इथे आहे’ ही जाणीव त्या मेळातून घडते. तुम्ही डोळे मिटून, न हलता, अगदी सैल पडून राहता तेव्हा मेंदूला ही माहिती फार थोडी मिळते. मग त्याचा अंदाज ढळतो आणि आपण भलत्याच ठिकाणी असल्याचं वाटतं.

विरुद्ध बाजूची, म्हणजे बाहेर गेल्यावर खरंच काही दिसतं का याची, परीक्षाही झाली आहे. डॉ. सॅम पार्निया यांनी पंधरा रुग्णालयांत, फक्त छताकडून दिसतील अशा फळ्यांवर चित्रं ठेवली. हृदय बंद पडल्याच्या २०६० घटना त्यांनी अभ्यासल्या. २०१४ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा त्या काळात काही पाहिल्याचं सांगणारे रुग्ण दोनच निघाले, आणि दोघांच्याही खोलीत फळ्या नव्हत्या. म्हणजे पुरावा हाती लागला नाही. पण अनुभव घेणारा खोटं बोलत नसतो, हेही मी तितक्याच ठामपणे म्हणेन. आपल्याकडे पतंजलींनी योगसूत्रांच्या विभूतिपादात देहाबाहेरच्या वृत्तीची नोंद ‘महाविदेहा’ या नावाने केली आहे आणि त्याच पादात अशा सिद्धी समाधीच्या वाटेतले अडथळे आहेत, असंही बजावलं आहे. सैल होण्याची धडपड केली की शिथिलता मोडते, हे जेकबसन यांचं निरीक्षण मला याच्या फार जवळचं वाटतं.

ज्यांना फिट येतात, ज्यांना पूर्वी भास-भ्रमाचा आजार होऊन गेला आहे किंवा ज्यांना जागेपणीही आपण आपल्यापासून तुटल्यासारखं वाटतं, त्यांनी हा नाद करू नये. तुमच्यापुरता एक प्रश्न : हे तरंगणं कधी उभ्याने, चालताना होतं का? सोबत चक्कर येते का? फ्रान्समधल्या मार्सेयच्या संशोधकांना चक्कर येणाऱ्या २१० रुग्णांपैकी १४ टक्क्यांनी देहाबाहेर गेल्याचा अनुभव सांगितला. निरोगी माणसांत हेच प्रमाण ५ टक्के होतं. तसं होत असेल तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून अंतःकर्ण तपासून घ्या आणि मग सरावाला बसा.