स्मरणरंजन आणि 'चाल' : 'तीन पैशाचा तमाशा'च्या पुनःप्रयोगाचा प्रश्न

एखादे गाजलेले संगीतप्रधान नाटक हौशी नाट्यसंस्थेने पुन्हा रंगमंचावर आणावे, ही आपल्या नाट्यव्यवहारातील नित्याची गोष्ट आहे. अशा प्रयोगांमागे बहुधा स्मरणरंजनाची प्रेरणा असते आणि तीत गैर असे काही नाही. मात्र पु. ल. देशपांडे यांच्या 'तीन पैशाचा तमाशा' या नाटकाबाबत ही प्रेरणा संहितेच्या प्रकृतीशीच विसंगत ठरते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या नाटकाची वंशावळ परिचित आहे. लंडनमध्ये १७२८ साली जॉन गे याचा 'द बेगर्स ऑपेरा' आला. इटालियन ऑपेराच्या भारदस्तपणाची टर उडविण्यासाठी गे याने रस्त्यावरच्या, सर्वांच्या ओठी असलेल्या चालींवर आपली पदे रचली. छापील संहितेत प्रत्येक पदावर त्या त्या मूळ गाण्याचे नावही दिले. मराठी वाचकास ही प्रथा अनोळखी वाटू नये. १८८० च्या 'शाकुंतला'पासून आपल्या संगीत नाटकांच्या पुस्तकांतही पदाच्या माथ्यावर 'चाल' नोंदविलेली असतेच. (आपल्या समीक्षेने त्या एका ओळीकडे मुद्रणातील तपशील म्हणूनच पाहिले, हे आश्चर्यकारक आहे.) तेथे 'चाल' याचा अर्थ केवळ स्वररचना नव्हे. प्रेक्षकाच्या स्मृतीत आधीपासून असलेले काहीतरी जागे करून त्यावर नवे शब्द बसविणे, असा तो करार आहे.

यानंतर बरोबर दोनशे वर्षांनी, १९२८ मध्ये, ब्रेश्ट आणि कुर्ट वाइल यांनी बर्लिनमध्ये हीच कथा 'थ्री पेनी ऑपेरा' म्हणून उभी केली. वाइलने गे याच्या संग्रहातील एकच चाल ठेवली : भिकाऱ्यांचा धंदा चालविणाऱ्या पीचमच्या प्रातःस्तोत्राची. बाकी सारे संगीत नवे, त्या काळच्या नाचगृहांच्या व जॅझच्या वळणाचे होते. म्हणजे कथा टिकली, चाली बदलल्या. ही परंपरा जपण्याची रीतच चाली टाकून देण्याची आहे.

पुण्याच्या थिएटर अकॅडमीने १९७८ मध्ये डॉ. जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली मराठी रूप सादर केले, तेव्हा हीच रीत पाळली गेली. 'घाशीराम कोतवाल'च्या वादातून १९७३ मध्ये जन्मलेली ही संस्था व्यावसायिक नव्हती. दिग्दर्शक स्वतः पेशाने डॉक्टर होते. या प्रयोगात नाट्यपद, लावणी आणि पाश्चात्त्य रॉक हे एकमेकांशेजारी उभे राहिले. ॲलेक पदमसी यांच्या 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार'मध्ये जुडास गायिलेले नंदू भेंडे येथे अंकुशच्या भूमिकेत होते. रॉकचा तो गळा तेव्हाच्या मराठी प्रेक्षागृहास परका होता, तर नाट्यपद घरचे. नाटकाचा उपरोध जन्मला तो या दोहोंच्या घर्षणातून. नाट्यपदाची गोडी लागू लागताच ती गोडी कोणाच्या तोंडी आहे याचे भान प्रेक्षकास यावे, अशी ही योजना होती.

आज या घर्षणातील दोन्ही बाजू बोथट झाल्या आहेत. अठ्ठ्याहत्तर सालचा रॉक आता बंडखोरीचा सूर राहिलेला नाही. तो वडिलांच्या तरुणपणाची आठवण झाला आहे. त्या चाली निष्ठेने वाजविल्या तर सभागृह सुखावेल, टाळ्याही येतील. परंतु ज्या नाटकाने प्रेक्षकास सुखावू द्यायचे नाकारले, त्याचे ते स्मारक होईल.

तळवड्यासारख्या ठिकाणी हा प्रश्न अधिक टोकदार होतो. पिंपरी-चिंचवड पट्ट्यात कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेने पाळी सांभाळून तालमी करणाऱ्या हौशी नटांची एक परंपरा पोसली आहे. येथील वस्ती मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि परप्रांतांतून आलेली आहे. पुण्याच्या पेठांमध्ये नाट्यपदाची जी सामायिक स्मृती गृहीत धरता येत होती, ती येथे धरता येत नाही. मग येथे 'चाल' कोणाच्या ओठी आहे? चित्रपटगीते आहेत, वाद्यवृंदांची गाणी आहेत, आणि इंद्रायणीकाठी देहू अगदी शेजारी असल्याने भजनी मंडळांचे अभंग आहेत.

वाइलने प्रातःस्तोत्राचीच चाल का ठेवली असावी, याचा विचार या संदर्भात उद्बोधक आहे. ढोंगाला भक्तीचा स्वर दिला की ढोंग उघडे पडते. हाच न्याय लावून भिकाऱ्यांच्या मुकादमाला टाळ-पखवाजाच्या साथीने अभंगाच्या चालीवर गावयास लावले, तर तो प्रयोग १९७८ च्या प्रयोगाशी एकही स्वर न जुळता त्याच्या सर्वांत जवळचा ठरेल. यात जोखीम आहे. शब्द जुन्या चालीच्या मापात बसविलेले असल्याने रचना मोडावी लागेल, आणि त्यासाठी हक्कधारकांची संमती लागेल. भावना दुखावल्याची तक्रारही होऊ शकेल. मात्र समोरचा प्रेक्षक ज्या तुकोबांचे अभंग पाठ म्हणतो, त्यांनीच पोटासाठी सोंग घेणाऱ्या दांभिकांवर मराठीतील सर्वांत कठोर शब्द वापरले आहेत. तेव्हा हा उपरोध कळण्यास लागणारी तयारी त्याच्यापाशी आमच्या पदव्युत्तर वर्गाहून कदाचित अधिकच असेल.