आधी नमुना, मग अर्ज

फायनल इयरच्या प्रोजेक्टला कुबरनेटीज घेतलं की पहिला वाद ठरलेला: टेराफॉर्म की हेल्म? मीही मेसच्या रांगेत तावातावाने भांडलो आहे. पण मला जे कळलं ते भांडून नव्हे, आपटून कळलं.

कुबरनेटीजला पॉड, सर्व्हिस या वस्तू मुळातच माहीत असतात. आपली नवी वस्तू शिकवायची तर सीआरडी द्यावी लागते. ही सोय २०१७ साली १.७ आवृत्तीत आली. सीआरडी म्हणजे रजेच्या अर्जाचा कोरा नमुना आणि कस्टम रिसोर्स म्हणजे भरलेला अर्ज. ऑफिसात नमुनाच नसेल तर अर्ज घेणार कोण?

मी लासूर स्टेशनचा, कांद्याच्या लिलावात वाढलेला. म्हणून 'भावफलक' ही वस्तू केली (नाव अर्थात रोमन अक्षरांत द्यावं लागतं). लासूर, वैजापूर, गंगापूर अशा तीन बाजार समित्यांचे तीन फलक, आणि प्रत्येकासाठी कंट्रोलर एक वेबपान उभं करणार.

टेराफॉर्मने सुरुवात केली. त्याचा कुबरनेटीज मॅनिफेस्ट रिसोर्स प्लॅनच्या वेळीच क्लस्टरला विचारतो, 'हा नमुना तुझ्याकडे आहे का?' सीआरडी आणि फलक एकाच फोल्डरमध्ये होते, त्यामुळे पहिलाच प्लॅन फसला. डिपेंड्स-ऑन लिहूनही उपयोग नाही, कारण तो क्रम अप्लायच्या वेळचा. दोन फोल्डर, दोन वेगळ्या स्टेट फाइली, हाच उपाय. (२०२३ मध्ये टेराफॉर्मचं लायसन्स बदललं आणि त्यातून ओपनटोफू निघालं, आपल्या कामाला दोन्ही चालतात.)

मग हेल्म. हेल्म ३ मध्ये सीआरडीज फोल्डरातला नमुना पहिल्यांदा बसतो, पण अपग्रेड करताना त्याला हात लागत नाही. नवं फील्ड टाकलं तरी क्लस्टरमध्ये जुनाच नमुना! वैतागून मी सीआरडीचा वेगळा चार्ट केला, टेम्प्लेट्समध्ये ठेवून. डेमोच्या आदल्या रात्री 'साफसफाई' म्हणून तो अनइन्स्टॉल केला. वाटलं, फलक तर दुसऱ्या चार्टमध्ये आहेत, त्यांना काय होणार? पण सीआरडी पुसली की त्या प्रकारचे सगळे रिसोर्स पुसले जातात, चार्ट कोणताही असो. तिन्ही फलक गेले, त्यांची वेबपानंही गेली. फाइली गिटमध्ये होत्या म्हणून अर्ध्या तासात उभे राहिले, पण क्यूबसीटीएल एडिटने थेट भरलेले भाव गेले ते गेलेच. रात्री दोनला वडिलांना फोन करून आठवड्याचे भाव विचारले. काय बोलले ते इथे छापता येणार नाही.

आता क्लस्टर टेराफॉर्मने उभारतो. सीआरडीच्या चार्टवर रिसोर्स-पॉलिसी 'कीप' लावली आहे, म्हणजे अनइन्स्टॉल केला तरी नमुना राहतो. फलक आर्गो सीडी गिटवरून लावतं. सीआरडी आधीच्या सिंक वेव्हमध्ये, फलक नंतरच्या. पुलुमीही बघा, पायथनवाल्यांना आवडेल. पण तिथेही नमुना कुठे ठेवायचा हे आपणच ठरवायचं असतं. आणि भाव? ते आता साध्या डेटाबेसमध्ये आहेत. सर पहिल्या रिव्ह्यूलाच म्हणाले होते.