नावाचे तुकडे पाडताना : पायथॉनमधील ‘स्प्लिट’



शाळेत वर्षभर नावांच्या याद्या तयार होत असतात. प्रवेशाची यादी, परीक्षेच्या अर्जांची यादी, देणगीदारांची यादी. या याद्या आता संगणकावर असतात, आणि संगणकाला सारे नाव एका दमात दिले की तो त्याला अक्षरांची एक लांब माळ समजतो. पायथॉनमध्ये तिला ‘स्ट्रिंग’ म्हणतात. त्या माळेतून मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव वेगळे काढायचे तर माळ तोडावी लागते. तोडण्याच्या आज्ञेचे नाव ‘स्प्लिट’, आणि तोडल्यावर हाती येते ती ‘लिस्ट’, म्हणजे यादी.

छपाईच्या सोयीसाठी येथे आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर स्प्लिट हा शब्द इंग्रजी लहान लिपीत टंकावा, आकडेही इंग्रजी घ्यावेत. ‘नाव’ आणि ‘तुकडे’ हे शब्द मात्र मराठीतच ठेवले तरी चालतात. २००८ साली आलेल्या पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून ही मुभा आहे.

नाव = "कृष्णराव शंकर पंडित"
तुकडे = नाव.स्प्लिट()

उत्तर येते : ['कृष्णराव', 'शंकर', 'पंडित']

कंसात काहीच लिहिले नाही, म्हणून संगणकाने मोकळी जागा दिसेल तेथे माळ तोडली. यादीतील मोजणी शून्यापासून होते. तुकडे[०] म्हणजे कृष्णराव, तुकडे[१] म्हणजे शंकर, तुकडे[२] म्हणजे पंडित. आपल्या ग्वाल्हेर घराण्याच्या या थोर गायकाचे वडील शंकरराव पंडित. तेव्हा ‘दुसरा तुकडा म्हणजे वडिलांचे नाव’ हा नियम येथे चपखल बसतो.

आता हाच नियम लावून ग्वाल्हेरात जन्मलेल्या आणखी एका थोर व्यक्तीचे नाव घ्या : "अटल बिहारी वाजपेयी". तुकडे तीनच पडतात, संगणक कोणतीही तक्रार करत नाही, आणि वडिलांच्या रकान्यात ‘बिहारी’ लिहून मोकळा होतो. अटलजींच्या वडिलांचे नाव कृष्ण बिहारी वाजपेयी. आपल्या मराठी घरांत मधले नाव वडिलांचे असते, शेजारच्या हिंदी भाषिक घरांत बहुधा तसे नसते, आणि आपल्या वर्गात दोन्ही घरांतली मुले एकाच बाकावर बसतात. कार्यक्रम अडला असता तर कोणी तरी पाहिले असते. तो अडला नाही, म्हणून अशी चूक थेट दाखल्यापर्यंत जाते. दाखल्यावरचे वडिलांचे नाव बदलून घेण्यासाठी किती खेटे घालावे लागतात, ते पालकांना विचारा.

महाराष्ट्रातून बदली होऊन आलेल्या कुटुंबाचा प्रकार आणखी वेगळा. तिकडे अर्जावर बहुधा आडनाव आधी लिहितात. त्यांचा पहिला तुकडा आडनाव निघतो आणि वडील शेवटी जातात.

आता कवी तांबे यांचे नाव घेऊ. भास्कर रामचंद्र तांबे हे ग्वाल्हेर संस्थानचे राजकवी, १९४१ साली येथेच वारले. "भा. रा. तांबे" असे लिहिले तर तीन तुकडे होतात. "भा.रा.तांबे" असे जागा न सोडता लिहिले तर एकच तुकडा हाती येतो, आणि तुकडे[२] मागताच ‘इंडेक्स एरर’ देऊन कार्यक्रम थांबतो. माझ्या मते हे थांबणे चांगलेच. निदान कोणाचे तरी लक्ष जाते.

एक बारकावा येथेच सांगतो. कंस रिकामा ठेवणे आणि कंसात अवतरणचिन्हांमध्ये एक मोकळी जागा लिहिणे यांत फरक आहे. टंकताना ‘भास्कर’च्या पुढे चुकून दोनदा जागा सुटली असेल, तर रिकाम्या कंसाची आज्ञा दोन्ही जागा मिळून एक समजते. दुसरी आज्ञा मात्र प्रत्येक जागेपाशी तोडते आणि मध्ये एक रिकामा तुकडा देते : ['भास्कर', '', 'रामचंद्र', 'तांबे']. नावांसाठी रिकामा कंसच बरा.

मोकळी जागा ही खूण लिहिणाऱ्याने सोडलेली असते म्हणूनच हे सारे चालते. महादजी शिंद्यांच्या काळातला कारभार मोडीत चाले. आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि तिच्याखाली शब्द सलग लिहीत जायचे. शब्दांमध्ये जागा सोडण्याची रीत नव्हती. मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले, त्यामुळे ती संगणकावर लिहिता येते. पण तशी सलग ओळ ‘स्प्लिट’ला दिली तर संपूर्ण ओळ एकच तुकडा म्हणून परत येते. जाणकार वाचक अर्थ लावून शब्द सोडवतो. ‘स्प्लिट’ला अर्थ कळत नाही, खूण तेवढी कळते.

वाक्ये सुटी करायची असली तर खूण बदलते. हिंदीच्या तासाला तुम्ही वाक्याच्या शेवटी उभा दंड देता, मराठीच्या तासाला टिंब. हिंदी उतारा स्प्लिट("।") या आज्ञेने सहसा सरळ तुटतो. मराठी उतारा स्प्लिट(".") ने तोडू गेले की भा. रा. तांबे पुन्हा आडवे येतात, कारण ‘भा’ हेच एक वाक्य ठरते. शिवाय शेवटच्या टिंबानंतर एक रिकामा तुकडा उरतो तो वेगळाच. आणि दंडाऐवजी इंग्रजी कळफलकावरची उभी रेघ टंकली, तर डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात पण संगणकाला ती दोन निराळी चिन्हे आहेत. मग एकही तुकडा पडत नाही.

मग यादी करावी कशी? निव्वळ आडनाव हवे असेल तर ‘आरस्प्लिट’ ही बहीण-आज्ञा उजवीकडून तोडते. नाव.आरस्प्लिट(नन, १) लिहिले की शेवटच्या मोकळ्या जागेपाशी एकदाच तुकडा पडतो आणि ['अटल बिहारी', 'वाजपेयी'] मिळते. येथील ‘नन’ हा पायथॉनचा ‘काही नाही’ या अर्थाचा शब्द आहे, इंग्रजीत लिहिताना त्याचे पहिले अक्षर मोठे. पण आडनाव आधी लिहिणाऱ्यांपुढे ही युक्तीही हरते. वडिलांचे नाव तर मुळीच अंदाजाने काढू नये. अर्जातच त्याचा रकाना वेगळा ठेवावा आणि रकान्यांमध्ये स्वल्पविराम घालावा : "अटल बिहारी,कृष्ण बिहारी,वाजपेयी". आता स्प्लिट(",") केले की तीनही तुकडे आपापल्या जागी येतात, कारण घरच्या माणसाने स्वतः सांगितले की कोणते नाव कोणाचे. विश्वस्त मंडळाने नवे अर्ज छापण्यापूर्वी याचा जरूर विचार करावा.

घरी करून पाहा : आजी-आजोबांपासून धाकट्या भावंडापर्यंत घरातील सर्वांची नावे, जशी त्यांच्या कागदपत्रांवर आहेत तशीच, ‘स्प्लिट’ला द्या. लग्नाआधीचे आणि नंतरचे अशी आईची दोन्ही नावे घ्या. कोणाचे किती तुकडे पडले ते वहीत लिहा. नंतर लिस्ट("ग्वाल्हेर") ही आज्ञा देऊन पाहा. आपण उच्चारताना ‘ग्वा’, ‘ल्हे’, ‘र’ असे तीनच भाग करतो. संगणक नऊ भाग करील. काना, मात्रा आणि पाय मोडण्याची खूण तो कशी मोजतो ते त्या नऊ भागांवरून शोधून काढा.