भूकंपाचे पट्टे आणि आपण

भूकंप जगात सर्वत्र सारखे होत नाहीत, हे चिकाटीने ठेवलेल्या नोंदींवरून उमगले. आयरिश अभियंते रॉबर्ट मॅलेट यांनी १८५० नंतरच्या दशकात जुन्या नोंदींतून सुमारे ६,८०० भूकंपांची यादी केली. ते नकाशावर मांडताच ठराविक पट्टे दिसून आले. १८८९ मध्ये जपानमधील धक्का जर्मनीत पॉट्सडॅम येथे टिपला गेला. पुढे जॉन मिल्न यांनी जगभर भूकंपमापक यंत्रांचे जाळे विणले. मुंबईची कुलाबा वेधशाळाही त्यात होती.

महाराष्ट्र मुख्य पट्ट्यांपासून दूर असला, तरी १९६७ मध्ये कोयना व १९९३ मध्ये किल्लारी हादरले. किल्लारी परिसरात दगडमातीची घरे कोसळून हजारोंचा बळी गेला. पट्ट्याबाहेरचे गाव निर्धोक नसते. म्हणून घरबांधणीत दक्षता अगत्याची आहे.